चौदा पिक्सेल

राजापुरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी जंगलाला रंग देते.
खाली तांदूळ दळला जातो, टेबल थरथरतं,
आणि आठशे किलोमीटरवरून टिपलेला तालुका
चहाच्या कपाबरोबर किंचित हलतो.

एक पिक्सेल म्हणजे दहा मीटर बाय दहा.
म्हणजे जवळजवळ एक गुंठा.
तलाठ्याला हे ऐकताक्षणी कळलं,
मला त्यासाठी इथवर यावं लागलं.

पावसाळा मी वापरत नाही.
जून ते ऑक्टोबर नुसते ढग;
ते कापून काढते, त्यांच्या जागी शून्य ठेवते.
मग उरतो जानेवारी,
कोरडा, स्वच्छ, सांगितलेलं ऐकणारा.
जानेवारीत सडा म्हणजे काळा पडलेला जांभा.
संगणक त्याला पडीक म्हणतो.
मीही म्हणते.
भादव्यात त्याच कातळावर चपला हातात घेऊन चालले होते एकदा:
सीतेची आसवं, पांढरे गेंद, बोटभर खोल तळी,
पाय कुठे ठेवावा कळेना.
ते सगळं त्या शून्याखाली आहे.

धाकलू झोरे चार दिवस बरोबर फिरला.
माझ्या हातात जीपीएस, त्याच्या हातात कोयता.
परतल्यावर पडद्यावर त्याचा डोंगर दाखवला, लालभडक.
"वणवा लागलाय काय?"
म्हटलं, नाही, इथे लाल म्हणजे हिरवं.
आपल्याला न दिसणारा एक उजेड असतो,
निरोगी पान तो परत फेकतं.
थोडा वेळ गप्प बसला. मग,
"म्हशीला बी तांबडंच दिसत आसंल का?"
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्याने काचेवर बोट टेकवलं.
"हितं ऐन, हितं किंजळ. आनि ही तुमची दाट जागा,
ती काजू हाय. जाळून लावल्याली.
खाली गवताचं पातं न्हाय."
दोन्ही सारखीच लाल.
वरून छत्री छत्रीच दिसते,
खाली कोण उभं आहे ते नाही.

देवराई चौदा गुंठे.
एक बेहडा, दोन सातविणी,
गारंबीचा वेल, ज्यावर त्याचा बाप झोके घ्यायचा,
आणि एक पाषाण, शेंदूरही न लावलेला.

काल रात्री चाळण लावली.
नियम असा की वीस पिक्सेलांहून लहान ठिपका
शेजाऱ्याच्या रंगात मिसळायचा.
नकाशा नितळ होतो, साहेबांना बरा पडतो.
एक कळ दाबली आणि
चौदाच्या चौदा काजूत गेले.
कुऱ्हाड नाही, वणवा नाही.
कौलसुद्धा लावला नाही कुणी.

चाळण दहावर आणली.
देवराई परत आली,
पण तिच्या मागोमाग आली
तीनशे बारा खोटी जंगलं:
चिरेखाणीत साचलेलं शेवाळी पाणी,
कड्याची दुपारची सावली,
हायस्कूलच्या मागे माजलेली घाणेरी,
खाडीत ओहोटीने उघडा पाडलेला चिखल.
अचूकता एकोणनव्वद होती, त्र्याऐंशीवर आली.
अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे
आणि त्यात लिहायला एकच रकाना आहे, टक्क्यांचा.

साडेनऊला गिरणी थांबली, टेबल थांबलं.
मी खोटी जंगलं एकेक करून हाताने पुसायला घेतली.
एकतीस झाली तेव्हा फोन वाजला.
"देवाच्या रानाला रंग कोनचा दिला?"
म्हटलं, अजून ठरत नाहीये.
"मग सोमवारी या. गूळ घेऊन या.
आनि त्ये यंत्र नको."
पलीकडे कुठेतरी म्हैस हंबरली, फोन कट झाला.

दोनशे एक्क्याऐंशी उरली होती.